सतरा नंबर

“आधी बोलायचं, मग हात घालायचा,” हौसाक्का म्हणाली.

“काय बोलायचं?”

“घरात काय बोलता? त्येच बोला.”

मी पिंजऱ्यावर वाकले. सहा पांढरे उंदीर लाल डोळ्यांनी माझ्याकडे बघत होते. घरात मी त्या दिवसांत ‘चहा झाला का’ आणि ‘मला इतक्यात लग्न करायचं नाही’ ही दोनच वाक्यं बोलत होते. दोन्ही तिथे बसेनात.

“नमस्कार,” मी म्हटलं.

हौसाक्काने पदर तोंडाला लावला. “नमस्कार काय घालताय, ताई? बघायला आलेत व्हय तुमास्नी?”

मग तिने मला बाजूला सारलं, तोंडाने काहीतरी गोड पुटपुटत हात आत घातला, उंदराच्या पोटाखालून तळवा नेला आणि त्याला अलगद उचलून शेजारच्या स्वच्छ टबात ठेवलं. तसे सहाही. अर्धं मिनिट लागलं नसेल.

“उंदरं भ्याली की चावत्यात. आपुन भ्यालो तरी चावत्यात.”

“मग काय करायचं?”

“भ्यायचं न्हाई,” ती म्हणाली, आणि प्राणिगृहाची किल्ली माझ्या हातात ठेवून वीस दिवसांच्या रजेवर गेली. तिची धाकटी लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती.

ही सत्त्याण्णव सालची गोष्ट. साखर कारखान्याच्या रस्त्याला, गावाबाहेर, आमचं फार्मसी कॉलेज होतं. मी तिथे एम.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला होते. हौसाक्का चौदा वर्षं प्राणिगृह सांभाळत होती. पिंजरे धुणं, उंदरांखालचं भाताचं तूस बदलणं, पाण्याच्या बाटल्या भरणं, खाणं घालणं, सगळं ती एकटी करायची. आम्ही विद्यार्थी तिथे जायचो ते वही आणि पेन घेऊन. उंदीर धरायचा तो हौसाक्काने, आम्ही आकडा लिहायचा. तिच्या जागी बदली माणूस मिळणार नाही असं ऑफिसने कळवलं, तेव्हा माझे मार्गदर्शक डॉ. टेंबे सर म्हणाले, “तोडकर, प्रयोग तुझा आहे. उंदीर तुझे आहेत. घाणही तुझीच.”

प्रयोग असा होता. चोवीस नर उंदीर, चार पिंजरे, प्रत्येकात सहा. पहिल्या पिंजऱ्यातले धडधाकट. बाकीच्या तिन्हींतल्यांना इंजेक्शन देऊन मधुमेह केलेला. त्यातल्या दुसऱ्या पिंजऱ्याला औषध काहीच नाही, चौथ्याला दुकानात मिळणारं औषध, आणि तिसऱ्याला जांभळाच्या बियांचा अर्क. हा अर्क म्हणजे टेंबे सरांचा जीव होता. अकरा वर्षं ते जांभळाच्या बियांवर काम करत होते. अकरा वर्षांत त्यांच्या हाती जे निष्कर्ष आले होते ते सगळे ‘किंचित’, ‘काही अंशी’ आणि ‘अधिक अभ्यासाची गरज आहे’ या जातीचे होते. उन्हाळ्यात सर विद्यार्थ्यांना जांभळं खाऊ घालायचे आणि बिया मोजून परत घ्यायचे.

सगळे उंदीर सारखेच पांढरे. ओळखण्यासाठी त्यांच्या अंगावर पिक्रिक ॲसिडचा पिवळा ठिपका लावायचा. कोणाच्या डोक्यावर, कोणाच्या पाठीवर, कोणाच्या शेपटीच्या मुळाशी. दोनेक आठवड्यांत ठिपका फिका पडतो, की परत लावायचा. तिसऱ्या पिंजऱ्यात तेरा ते अठरा नंबर होते. पाठीवर ठिपका तो सतरा नंबर.

रॅकच्या सगळ्यात खालच्या फळीवर एक पाचवा पिंजरा होता. त्याचा माझ्या प्रयोगाशी संबंध नव्हता. त्यात एक नर आणि तीन माद्या ठेवलेल्या असायच्या, पुढच्या प्रयोगांसाठी पिल्लं हवीत म्हणून. हौसाक्का त्याला ‘संसार’ म्हणायची.

पहिले दोन दिवस निभावले. मी हातात रबरी मोजे, त्यावर दुसरे मोजे, आणि नाकावर ओढणी असा वेष करून सकाळी सातला आत जायची. उंदीर उचलायचं धाडस होईना, म्हणून मी गलिच्छ टब आणि स्वच्छ टब तोंडाला तोंड लावून उंदरांना समजावून सांगायची की पलीकडे जा. ते जात नसत. अर्ध्या मिनिटाचं काम मला चाळीस मिनिटं पुरायचं.

तिसऱ्या दिवशी तिसऱ्या पिंजऱ्याची जाळी मी नीट बसवली नाही.

सतरा नंबर वर आला, त्याने कडेवर दोन पाय टेकले, माझ्याकडे पाहिलं आणि खाली उडी मारली. मी किंचाळून मागे झाले. माझी ओढणी खालच्या फळीवरच्या संसाराच्या जाळीत अडकली, मी ती ओढली, आणि अख्खा टब तुसासकट जमिनीवर आला. नर आणि दोन माद्या होत्या तिथेच पसरलेल्या तुसात बसून राहिल्या. त्यांना मी सुपड्याने परत भरलं. तिसरी मादी पळाली.

म्हणजे आता दोन पांढरे उंदीर मोकळे होते आणि मी स्टुलावर उभी होते.

पाऊण तास गेला. मी झाडू घेतला, बादली घेतली, शेंगदाणे टाकून पाहिले, शेवटी हौसाक्काने सांगितलेलंही करून पाहिलं. “या ना, या बघू, शहाणे ना तुम्ही,” असं मी खाद्याच्या पोत्याशी बोलत असताना पाणक्या दारात येऊन उभा राहिला. त्याने आत पाहिलं. कोणीच नव्हतं. मी आणि पोतं. तो घागर तशीच घेऊन परत गेला.

शेवटी एक उंदीर पोत्यामागे सापडला, दुसरा हौसाक्काच्या गमबुटात. दोघांनाही टॉवेलात गुंडाळून धरलं. मोरीजवळच्या पाण्यातून पळाल्यामुळे दोघंही ओलेकच्च. एकाच्या पाठीवर काहीतरी पिवळसर होतं. दुसऱ्याच्या कमरेवरही पिवळसर होतं. तो ठिपका की तूस, ते कळेना. मी गमबुटातल्याला तिसऱ्या पिंजऱ्यात टाकलं, पोत्यामागच्याला संसारात टाकलं, ब्रश घेऊन गमबुटातल्याच्या पाठीवर नवा कोरा पिवळा ठिपका लावला आणि हात धुतले.

त्यानंतरच्या सोमवारी साखर तपासायची होती. मी प्रत्येक उंदीर टॉवेलात गुंडाळून धरायची. फक्त शेपटी बाहेर. सर शेपटीच्या टोकाला सुई टोचून थेंबभर रक्त घ्यायचे आणि यंत्रावर आकडा बघायचे. तेरा नंबर, तीनशे साठ. चौदा, तीनशे ऐंशी. पंधरा आणि सोळा तसेच. सर कंटाळून आकडे सांगत होते आणि मी लिहीत होते.

“सतरा. अठ्ठ्याण्णव.” सर थांबले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “तोडकर, पट्टी बदल.”

नव्या पट्टीवर एकशे एक आलं.

“मागच्या आठवड्यात किती होती?”

“तीनशे ब्याण्णव, सर.”

सर खुर्चीत बसले. मग उठले. मग त्यांनी टॉवेलातल्या उंदराला, म्हणजे त्याच्या शेपटीला, उद्देशून अत्यंत हळू आवाजात विचारलं, “खरंच?”

मला ते दृश्य अजून दिसतं. पन्नाशीचा माणूस, टाय बाजूला गेलेला, डोळ्यांत पाणी. बाकी पाच उंदरांना काहीच फरक नव्हता, पण सरांनी त्यावरही उत्तर काढलं. कुठलंही औषध आधी एखाद्यालाच लागतं, इतरांना मात्रा कमी पडत असेल, वाढवून बघू. त्या दुपारी ते मला सगळ्या विभागासमोर म्हणाले, “तोडकरच्या हाताला गुण आहे. अकरा वर्षांत जे झालं नाही ते हिच्या एका आठवड्याच्या सेवेत झालं.”

दीड वर्षात त्यांनी माझं केलेलं पहिलं कौतुक. दुसरं लगेच मागोमाग आलं. आमच्या विभागाला पीएच.डी. केंद्राची मान्यता मिळावी म्हणून सरांनी अर्ज केला होता. त्याची पाहणी करायला विद्यापीठाकडून डॉ. कर्णिक येणार होते. “मान्यता आली की पहिली विद्यार्थिनी तू,” सर म्हणाले. घरी बाबांनी एक स्थळ जवळजवळ पक्कं केलं होतं. मुलाचं ट्रॅक्टरचं शोरूम होतं. पीएच.डी.ची जागा मिळाली तर थांबू, नाहीतर नाही, असं बाबांचं म्हणणं होतं. म्हणजे माझं लग्न आता एका उंदराच्या रक्तातल्या साखरेवर अवलंबून होतं.

सतरा नंबर कॉलेजात प्रसिद्ध झाला. बी.फार्म.ची मुलं त्याला बघायला यायची. सरांनी त्याच्या पिंजऱ्याला बाहेरून लाल पट्टी लावली. पुढच्या आठवड्यात त्याची साखर पंच्याण्णव भरली आणि वजन तीस ग्रॅमने वाढलं. मधुमेही उंदीर वाळत जातात, हा गरगरीत होत चालला होता. सरांनी वजनाचा आलेख लाल शाईने काढला. बाकी पाच रेषा खाली चालल्या होत्या आणि सतरा नंबरची रेष कागदाच्या बाहेर जायला निघाली होती.

मी मात्र दुसरंच काहीतरी रोज सकाळी बघत होते. संसाराचा टब सकाळी ओलाचिंब असायचा. आधी कधी तो दोन दिवसांआड बदलला तरी चालायचा, आता रोज तूस चिखलासारखं व्हायचं आणि वास डोळ्यांत जायचा. पाण्याची बाटली गळत असेल म्हणून मी बाटली बदलली. मग दुसरी बदलली. मग तिसरी. चौथ्या दिवसापासून मी बाटली बदलणं सोडलं आणि तूस दुप्पट घालायला लागले. हौसाक्काचं घर सहा किलोमीटरवर होतं. सायकलने अर्धा तास. मी गेले नाही.

विसाव्या दिवशी सकाळी साडेआठला हौसाक्का डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन हजर झाली. त्याच दिवशी अकराला डॉ. कर्णिक येणार होते.

“नात झाली,” ती म्हणाली. “तीन किलोची. घ्या, तोंड उघडा.” लाडू माझ्या तोंडात कोंबून ती प्राणिगृहात शिरली आणि दोन पावलांवर थांबली. नाक वर करून तिने वास घेतला.

“ताई, साखरेचा उंदीर खाली कुनी ठेवला?”

माझ्या तोंडात लाडू होता, म्हणून मी बोलले नाही.

ती खाली बसली. संसाराचा टब ओढून तिने बोटांनी तूस चिवडलं. “ह्ये बगा. हे काय बाटलीचं पानी न्हाई, मुताचं हाय. धडधाकट उंदीर एवढं मुतत न्हाई. साखरवालं मुततंय. आन् हितं गडी एकच पायजे, बायका तीन… ह्यो कोन?” तिने एक वाळका उंदीर उचलला, उलटा करून पाहिला आणि माझ्याकडे वळवला. “ह्यो गडी हाय. संसारात दोन गडी कसं काय?”

मी लाडू गिळला.

ती उठून तिसऱ्या पिंजऱ्याशी गेली. सतरा नंबर कोपऱ्यात बसला होता. त्याने आजूबाजूचं सगळं तूस आणि पिंजऱ्यात पडलेला कागदाचा कपटा ओढून गोल घरटं केलं होतं. बाकी पाच जण त्याला घाबरून पलीकडच्या भिंतीला चिकटले होते. हौसाक्काने त्याच्या पोटाखालून तळवा घातला आणि तिचा चेहरा एकदम मऊ झाला.

“अगं बाई. माझी चंद्री हितं व्हय.” मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “ताई, मोटा टब आना. नवं तूस घाला, भरपूर. ही आज बाळंत हुनार. दुपारच्या आत.”

मी टब आणला. हौसाक्काने चंद्रीला एकटीला त्यात ठेवलं, वर फडकं टाकलं, टब खिडकीपासून लांब सरकवला. मी दारातून पळत सुटले.

सर ऑफिसात आरशासमोर टाय बांधत होते.

“सर, सतरा नंबर…”

“तयार आहे ना? मी कर्णिकांना फोनवर सांगून ठेवलंय. ते आधी तोच बघणार आहेत.”

“सर, त्याच्यात एक अडचण आहे.”

“तोडकर.” सरांनी गाठ आवळली. “आज अडचणी नकोत. आज फक्त उत्तरं. जा, केस विंचर, तुझ्या डोक्यात तूस आहे.”

मी केस विंचरले, एका चिठ्ठीवर लिहिलं, ‘सर, सतरा नंबर नर नाही’, आणि शिपायाच्या हाती पाठवली. सर तेव्हा प्राचार्यांशी बोलत होते. त्यांनी चिठ्ठी घेतली, मान डोलावली आणि न वाचता खिशात ठेवली. मी खिडकीतून बघत होते. तेवढ्यात बाहेर जीपचा आवाज आला.

डॉ. कर्णिक उंच आणि किडकिडीत होते. ते बोलायचे फार कमी. सर त्यांना वाचनालयात, प्रयोगशाळेत, जांभळाच्या बियांच्या गोदामात घेऊन गेले, आणि दर पाच मिनिटांनी “आता मुख्य गोष्ट दाखवतो” म्हणत होते. मी मागे फाइल धरून चालत होते. तिसऱ्यांदा मी “सर” म्हटलं तेव्हा सरांनी मागे न बघता फाइल माझ्या हातातून घेतली. त्यांना वाटलं मी ती द्यायला बघतेय.

प्राणिगृहाच्या दाराशी आलो. दारात हौसाक्का उभी होती. एका हातात पिंजरे घासायचा ओला ब्रश, दुसरा हात चौकटीवर.

“हौसाबाई, बाजूला व्हा,” सर म्हणाले. “पाहुणे आलेत.”

“आत्ता आत येता येनार न्हाई, सर.”

“का?”

“आत बाळंतपन चाललंय. पुरुषमानसांनी येऊ ने.”

सर हसले. मग डॉ. कर्णिकांकडे बघून म्हणाले, “हिच्या लेकीचं झालं परवा. तेच डोक्यात आहे.” आणि पुन्हा तिच्याकडे वळले. “हौसाबाई, कोणाचं बाळंतपण?”

हौसाक्काने फक्त माझ्याकडे पाहिलं. मग सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग डॉ. कर्णिकांनीही.

“सर,” मी म्हटलं, “सतरा नंबरचं.”

बाहेर कारखान्याच्या रस्त्यावरून उसाची गाडी गेली.

“सतरा नंबर नर आहे,” सर म्हणाले.

“नाही, सर. चिठ्ठीत लिहिलं होतं.”

सरांनी खिशात हात घातला, चिठ्ठी काढली, उघडली आणि वाचली. पाच शब्दांची चिठ्ठी त्यांनी बराच वेळ वाचली. “पण साखर…” ते म्हणाले. “साखर अठ्ठ्याण्णव होती.”

“तिला मधुमेह कधी झालाच नव्हता, सर.”

“वजन वाढत होतं.”

“अकरा तरी असतील पोटात,” हौसाक्का म्हणाली. “मंग वाढनारच की.”

डॉ. कर्णिकांनी खोकल्यासारखं काहीतरी केलं आणि रुमाल तोंडाला लावला. रुमाल बराच वेळ तिथेच राहिला. मग ते हौसाक्काला म्हणाले, “बाई, आम्ही दारातून बघितलं तर चालेल? आत येत नाही.”

“दारातनं चालंल. पन बोलायचं न्हाई. आत्ता दचकली तर पोरं खाऊन टाकंल ती.”

मग आम्ही तिघं, एक विद्यापीठाचे तज्ज्ञ, एक विभागप्रमुख आणि मी, प्राणिगृहाच्या दारात माना वाकवून उभे राहिलो. हौसाक्काने फडक्याचा कोपरा उचलला. तुसाच्या घरट्यात गुलाबी, बोटाच्या पेराएवढी, काहीतरी वळवळ होती. चंद्री एकेकाला चाटत होती. सर फडकं परत पडेपर्यंत श्वास धरून उभे होते.

बाहेर आल्यावर डॉ. कर्णिकांनी हौसाक्काला विचारलं, “तुम्हाला कसं कळलं?”

तिने सांगितलं. ओल्या तुसाबद्दल, वासाबद्दल, घरट्याबद्दल. ती बोलत असताना डॉ. कर्णिकांनी खिशातून डायरी काढली आणि लिहून घ्यायला लागले. आख्ख्या भेटीत त्यांनी लिहून घेतलेली ती पहिलीच गोष्ट होती.

“म्हणजे पिंजरे बदलताना अदलाबदल झाली,” ते सरांना म्हणाले. “नवख्या मुलीकडून होतं असं. ही बाई आज आली म्हणून आज कळलं.” मग माझ्याकडे वळून, सहज, डायरी मिटता मिटता, “हो ना? आज सकाळीच कळलं ना तुला?”

सरांनीही माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उलट ते मान हलवत होते, हो म्हण, हो म्हण, असं. नवख्या मुलीची चूक ही सांगता येण्यासारखी गोष्ट होती. केंद्राची मान्यताही कदाचित त्यात वाचली असती.

आता इथे मला एक सांगायला हवं, जे मी आत्तापर्यंत सांगितलेलं नाही. त्या तिसऱ्या दिवशी, गमबुटातल्या उंदराला टॉवेलातून टबात सोडताना, तो माझ्या हातात क्षणभर उलटा झाला होता. मोठा नर उंदीर मागून कसा दिसतो हे फार्मसीच्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही कळतं. ते झाकण्यासारखं नसतं. मला दिसलं होतं. मी दमले होते, मला परत दोघांना पकडायचं नव्हतं, आणि मी स्वतःला म्हटलं, आपण घाईत पाहिलं असेल. मग ब्रश घेऊन पाठीवर ठिपका लावला. सोमवारी अठ्ठ्याण्णव आकडा आला तेव्हा खोलीत एकाच माणसाला आश्चर्य वाटलं नव्हतं.

“नाही, सर,” मी डॉ. कर्णिकांना म्हटलं. “सतरा दिवस झाले. मला त्याच दिवशी दिसलं होतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“आधी कंटाळा आला म्हणून. नंतर सर खूश झाले म्हणून.”

टेंबे सरांनी हातातली फाइल उघडली, त्यातून तो लाल शाईचा आलेख काढला, त्याची व्यवस्थित चार घड्यांत घडी केली आणि चिठ्ठीच्याच खिशात ठेवली. मग ते डॉ. कर्णिकांना म्हणाले, “चला, जेवण तयार असेल.” तेवढ्यानेच मला रडू फुटलं. हौसाक्काने ब्रश खाली ठेवला आणि मला मोरीजवळ नेलं. “रडू नका. हितं न्हाई. चंद्री दचकंल.”

त्या वर्षी मान्यता आली नाही. डॉ. कर्णिकांच्या अहवालात लिहिलं होतं की प्रयोगातली तिसऱ्या गटाची सगळी नोंद बाद धरावी, आणि एक वर्षानंतर पुन्हा पाहणी करावी. तिसरा गट मला नव्याने करावा लागला. नवे सहा नर, नवं इंजेक्शन, नवे तीन महिने. ट्रॅक्टरच्या शोरूमवाल्याने तीन महिने थांबायला नकार दिला आणि तासगावची मुलगी केली. बाबा आठवडाभर जेवताना माझ्याशी बोलत नव्हते. आईने मात्र दुसऱ्या दिवशी पुरणपोळी केली आणि कारण विचारल्यावर सांगितलं की डाळ जुनी होत होती.

सरही माझ्याशी बोलत नव्हते. कामापुरतं बोलायचे, तेही शिपायामार्फत. ‘तोडकरला सांग, मात्रा तीच ठेवायची.’ मी समोरच उभी असायची. शिपाई मला सांगायचा, मी शिपायाला हो म्हणायची, शिपाई सरांना सांगायचा. पिंजरे आता हौसाक्का आल्यामुळे मी बदलायची गरज नव्हती, पण मी रोज सातला जात राहिले. कोणी सांगितलं नव्हतं. हौसाक्कानेही विचारलं नाही. तिने मला उंदीर उचलायला शिकवलं, तूस हाताने चिवडून वाचायला शिकवलं, आणि मोजे काढायला लावले. चंद्रीची अकराही पिल्लं जगली. एकविसाव्या दिवशी ती वेगळी करताना मी ती एकेक करून उचलली, आणि त्यातल्या एकाने मला चावून रक्त काढलं तरी हात मागे घेतला नाही.

नव्या गटाचे निकाल दोन महिन्यांनी दिसायला लागले. जांभळाच्या अर्काने साखर उतरत होती. तीनशे ऐंशीवरून तीनशे वीस, तीनशे दहा. किंचित. काही अंशी. पण सहाच्या सहा उंदरांत. मी आकड्यांचा कागद शिपायाच्या हाती सरांकडे पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि हौसाक्का मोरीपाशी बसून टब घासत होतो. दारात सावली पडली. टेंबे सर होते, सकाळी सव्वासातला, टाय न बांधता. त्यांनी रॅककडे पाहिलं, सहा उंदरांकडे पाहिलं, प्रत्येकाला मागून वाकून पाहिलं. मग शर्टाच्या बाह्या दुमडल्या, पाटावर बसले आणि ढिगातला एक गलिच्छ टब ओढून घेतला.

“सर, राहू द्या,” मी म्हटलं.

“सहाच्या सहा, तोडकर,” ते म्हणाले. शिपाई मध्ये नव्हता. “सहाच्या सहा.”

त्यांनी हौसाक्काच्या हातातून ब्रश मागून घेतला आणि टब घासायला लागले. जोर लावून, पाणी उडवत, चष्म्यावर फेस येईपर्यंत. बराच वेळ घासल्यावर त्यांनी टब उजेडाकडे धरला, मग अभिमानाने हौसाक्कापुढे केला.

तिने तो हातात घेतला, फिरवला, आणि परत त्यांच्या मांडीवर ठेवला.

“सर,” ती म्हणाली, “कोपरं ऱ्हायली.”